मारहाण झालेलं मूल अतिदक्षता विभागात: वाचतं का, पुढे काय होतं?

"बाळ खाटेवरून पडलं." दवाखान्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. बहुतेक वेळा ते खरंच असतं. टेंगूळ येतं, बाळ जोरात रडतं, आईच्या कुशीत शांत होतं, दूध पितं आणि संध्याकाळपर्यंत खेळायला लागतं. पण कधी तरी याच वाक्यासोबत बेशुद्ध बाळ येतं. श्वास अडकत असतो, डोळे एका बाजूला फिरलेले असतात, टाळू फुगलेली असते. दीड-दोन फुटांच्या खाटेवरून पडून असं सहसा होत नाही. कमी उंचीवरून पडून लहान मूल दगावण्याचं प्रमाण वर्षाला दहा लाख मुलांमागे एकाहूनही कमी आहे.

हा लेख अशा मुलाच्या नातेवाइकांसाठी आहे. मूल आत व्हेंटिलेटरवर आहे, बाहेर बाकड्यावर आजी, मामा, आई बसलेत, हवालदार जबाब घ्यायला आलाय आणि कोणीच कोणाकडे बघत नाही. मी एमबीबीएस डॉक्टर आहे, बालरोगतज्ज्ञ नाही. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत काम करताना अशी मुलं पुढे पाठवायची वेळ माझ्यावर आली आहे. एकदा ती उशिरा आली, आणि त्यात माझी चूक होती.

साडेतीन महिन्यांचा मुलगा होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). दोन दिवस उलट्या, किरकिर. एका कानावर निळसर डाग दिसला. विचारलं तर आजी म्हणाली, पाळण्याची दांडी लागली. ओपीडीत तीस माणसं बसली होती. मी उलटीचं औषध लिहिलं, ओआरएस सांगितलं. अकरा दिवसांनी तेच बाळ झटके येत असताना माझ्याकडे आणलं. पुढच्या दवाखान्यात स्कॅन झाला तेव्हा मेंदूभोवती ताजं रक्त होतं आणि शेजारी जुनंही. ते जुनं रक्त बहुधा मी उलटीचं औषध लिहिलं त्या दिवसांतलं होतं.

अशी चूक करणारा मी एकटा नाही, पण त्यात समाधान मानण्यासारखं काही नाही. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मारहाणीमुळे डोक्याला इजा झालेली १७३ मुलं तपासली होती. त्यांतल्या ३१ टक्के मुलांचं निदान पहिल्या भेटीत डॉक्टरांकडून हुकलं होतं. उलटी, किरकिर, ताप म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं होतं. २०१३ सालच्या दुसऱ्या अभ्यासात मारहाण झालेल्या २०० तान्ह्या बाळांपैकी २७.५ टक्के बाळांच्या अंगावर मोठ्या इजेच्या आधी एखादी छोटी खूण येऊन गेली होती: गालावर डाग, ओठाच्या आतली पट्टी फाटलेली, असं काही तरी. मोठ्या इजेआधीची ती सूचना असते.

कोणती मुलं आयसीयूपर्यंत पोचतात?

सगळ्यांत जास्त एक वर्षाच्या आतली, आणि त्यांतही पहिल्या सहा महिन्यांतली. कारण बहुतेक वेळा डोक्याला झालेली इजा. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मानेचे स्नायू कच्चे असतात आणि मेंदू मऊ, पाणीदार असतो. रागाच्या भरात बाळाला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, किंवा हलवून गादीवर आदळलं, की मेंदू कवटीच्या आत पुढे-मागे होतो. मेंदूवरच्या बारीक शिरा तुटतात आणि रक्त साचतं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो. पण खरं नुकसान त्याहून वेगळं असतं. मेंदू आणि मानेच्या सांध्यावर ताण आला की श्वास थांबतो, मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि मग मेंदू सुजतो. बाहेरून बाळाच्या अंगावर एक ओरखडाही नसू शकतो. "मारल्याची खूणच नाही, मग मारलं कसं?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. त्याचं उत्तर हेच.

वैद्यकशास्त्राला हे फार उशिरा कळलं. जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ साली लिहिलं की काही बाळांच्या मेंदूभोवती रक्त असतं आणि त्याच बाळांची हातापायांची हाडंही मोडलेली असतात. ही मारहाण आहे, असं हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी उघडपणे लिहिलं ते १९६२ साली. तोवर आईबाप असं करतील यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नव्हता.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांत पोटावर लाथ किंवा बुक्की बसून यकृत, आतडी फाटणं हे दुसरं कारण. यात पहिले काही तास मूल नुसतं मलूल दिसतं आणि म्हणून उशीर होतो. भाजलेली मुलं तिसरी. उकळत्या पाण्यात बुडवलेल्या पायांवर मोज्यासारखी सरळ रेष दिसते, चुकून सांडलेल्या पाण्याने तशी पडत नाही. लैंगिक अत्याचारातल्या गंभीर जखमांसाठीही मुलं दाखल होतात.

आपल्या सातपुड्याच्या कडेने आणखी एक प्रकार आहे: डागणं. पोट फुगलं, श्वास लागला की तापलेल्या विळ्याने चटके द्यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचं उघडकीला आलं आणि बाळाला अमरावतीला दाखल करावं लागलं. हे करणाऱ्या माणसाच्या मनात राग नसतो, बाळ बरं व्हावं हीच इच्छा असते. पण बाळाच्या शरीराला हेतू कळत नाही. जखमांतून जंतू रक्तात जातात, आणि मूळचा न्यूमोनिया किंवा हृदयाचा आजार चटक्यांच्या भरवशावर दोन-तीन दिवस तसाच राहतो. अशी बाळं बहुतेक त्या उशिरामुळेच हाताबाहेर जातात. आणि मारहाण म्हणजे पाड्यावरची गोष्ट असंही समजू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं. पगारदार, शिकलेल्या आईबापांचं मूल होतं ते.

आत काय चाललेलं असतं?

पहिलं काम श्वासाचं. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावतात. डोकं तीस अंशांनी वर ठेवतात, मेंदूची सूज कमी करायला तीव्र मिठाचं सलाईन किंवा मॅनिटॉल देतात, झटक्यांची औषधं सुरू करतात. सीटी स्कॅन लगेच होतो. रक्त खूप साचलं असेल तर मेंदूचे सर्जन ते काढतात. मूल जरा स्थिर झालं की सगळ्या हाडांचे एक्स-रे काढतात, डोळ्यांचे डॉक्टर पडदा तपासतात, रक्त गोठण्याच्या तपासण्या होतात, पुढे एमआरआय. हाडांचे एक्स-रे दोन आठवड्यांनी पुन्हा काढायला सांगतात, कारण बरगडीची ताजी चीर पहिल्या दिवशी दिसत नाही, भरायला लागल्यावर दिसते. "एवढे एक्स-रे कशाला?" म्हणून नकार देऊ नका.

धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज पडली तर अनेकदा नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं, धुळ्याहून दोन्हीकडे सुमारे दीडशे किलोमीटर. हा प्रवास खासगी गाडीत, मांडीवर घेऊन करू नका. १०८ ला फोन करा. वाटेत श्वास थांबला तर पुढचे सगळे उपचार त्या दहा मिनिटांची भरपाई करू शकत नाहीत.

वाचतं का?

हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचाराल आणि ते "७२ तास थांबा" म्हणतील. ते टाळत नसतात. मेंदूची सूज साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, त्याआधी सांगितलेलं काहीही खोटं ठरू शकतं.

तरी आकडे जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. हलवल्यामुळे किंवा आपटल्यामुळे डोक्याला गंभीर इजा होऊन दाखल झालेल्या बाळांपैकी साधारण चार-पाचातलं एक दगावतं. वाचलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश मुलांना काही ना काही कायमचं अपंगत्व राहतं. उरलेली ठीक दिसतात, पण त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. हे आकडे मोठमोठ्या आयसीयू असलेल्या देशांतले आहेत. आपल्याकडे मूल उशिरा पोचतं, म्हणून मी नातेवाइकांशी बोलताना हे आकडे आशेच्या बाजूला झुकवून सांगत नाही.

गाडीच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या मुलापेक्षा या मुलांचं भवितव्य जास्त वाईट असतं. अपघात झाला की लोक पाच मिनिटांत मूल उचलून पळतात. इथे मारणारा माणूस घाबरतो, बाळ झोपलंय असं समजतो किंवा तसं सांगतो, आणि रात्र निघून जाते. शिवाय इजा पहिली नसते, आधीच दुखावलेल्या मेंदूवर दुसरा आघात असतो. वय लहान असतं. आणि श्वास थांबून मेंदू उपाशी राहिलेला असतो, जो भाग स्कॅनमध्ये पहिल्या दिवशी नीट दिसतही नाही.

डॉक्टरांशी बोलताना चार गोष्टी विचारा. दाखल झालं तेव्हा बेशुद्धी किती खोल होती? येण्याआधी हृदय किंवा श्वास थांबला होता का? झटके आटोक्यात आले का? एमआरआयमध्ये प्राणवायू न मिळाल्याच्या खुणा किती भागात आहेत? बाळ खोल बेशुद्ध होतं, हृदय पुन्हा सुरू करावं लागलं आणि दोन्ही बाजूंचा मेंदू काळवंडलाय, असं उत्तर आलं तर जगण्याची आणि नीट जगण्याची, दोन्ही शक्यता कमी आहेत. बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतः श्वास घेऊ लागलं, डोळे उघडून आवाजाकडे वळलं, तर चित्र बरंच बदलतं. रक्त किती साचलंय यावर नातेवाईक फार अडून बसतात. मेंदू स्वतः किती दुखावला आहे, हे रक्तापेक्षा जास्त महत्त्वाचं.

आयसीयूतून बाहेर आलं म्हणजे जिंकलं, असंही नाही. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये दोन वर्षांची मुलगी दाखल झाली होती. डोक्याला जबर मार, मोडलेले हात, अंगावर माणसाने चावल्याच्या खुणा. देशभर तिची बातमी झाली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, मेंदूचा संसर्ग झाला, मध्ये ती सुधारलीही. १५ मार्चला, जवळपास दोन महिन्यांनी, हृदय बंद पडून ती गेली.

घरी आल्यावरची वर्षं

वाचलेल्या मुलांत हातपाय आखडणं, आकडी, नजर नसणं किंवा कमी असणं, गिळायला त्रास, डोक्याचा घेर न वाढणं हे पहिल्या वर्षात दिसून येतं. नजरेबद्दल एक गैरसमज काढतो. डोळे ठीक असतात, पण मेंदूचा बघणारा भाग दुखावलेला असतो. चष्म्याने ते सुधारत नाही. योग्य उत्तेजन दिलं तर यातली थोडी नजर महिन्यांनी परत येऊ शकते.

आता त्या "ठीक दिसणाऱ्या" मुलांबद्दल. ती चालतात, बोलतात, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तपासणीला जाणं थांबवतात. मग पहिली-दुसरीत गेल्यावर लक्ष लागत नाही, शब्द आठवत नाहीत, राग आवरत नाही. शिक्षक "मस्तीखोर" म्हणतात आणि कधी कधी पुन्हा मार बसतो. मेंदूचा जो भाग सहाव्या वर्षी कामाला लागणार होता तो चौथ्या महिन्यात दुखावला गेला होता, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून शाळेत जाईपर्यंत दरवर्षी विकासाची तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. फिजिओथेरपी, वाचा, श्रवण, नजर हे सगळं तिथे मोफत बघतात. डिस्चार्ज कार्डावर त्या केंद्राची तारीख लिहून घ्या. कायमचं अपंगत्व असेल तर यूडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची "निरामय" ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

पोलीस, समिती आणि खर्च

डॉक्टरांनी एमएलसी केली म्हणून त्यांच्यावर चिडू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलाचा सांभाळ करणाऱ्यानेच क्रूरपणे वागवलं तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं. अशा वेळी "स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो" असं लिहून देऊन मूल न्यायचा प्रयत्न करू नका. मूल बरं झाल्यावर कोणाकडे राहील, हे बाल कल्याण समिती ठरवू शकते. समिती म्हणजे मूल हिरावून नेणारी टोळी नव्हे. आजी, मावशी, मामा सांभाळायला तयार आणि योग्य असतील तर समितीपुढे जाऊन तसं स्पष्ट सांगा. मी पाहिलेल्या मुलांत ज्यांना असं एक खंबीर नातेवाईक मिळालं त्यांची तपासणी, फिजिओथेरपी चुकली नाही. पुन्हा त्याच घरात, त्याच माणसाच्या हाती मूल गेलं तर दुसरी इजा होण्याचा धोका खरा आहे.

दुर्दैवाने मूल गेलं तर शवविच्छेदन टळत नाही, त्यासाठी ओळखी शोधण्यात वेळ घालवू नका. मुलाचा फोटो, नाव, गाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे.

लैंगिक अत्याचारग्रस्त मुलावर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत करायचे असतात. अशा मुलांसाठी राज्याची "मनोधैर्य" योजना आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. बाकी उपचारांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

प्रत्येक डाग म्हणजे मारहाण नाही

हेही सांगायलाच हवं, कारण चुकीच्या संशयाने घरं मोडतात. आपल्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मापासून निळसर-राखाडी डाग असतात, ते निरुपद्रवी आहेत. घरी बाळंतपण झालं आणि बाळाला जन्मताच व्हिटॅमिन केचं इंजेक्शन मिळालं नाही, तर दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यान कोणी हात न लावताही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हिमोफिलिया, ठिसूळ हाडांचा आजार, काही दुर्मीळ चयापचयाचे आजार हुबेहूब मारहाणीसारखे दिसतात. म्हणूनच त्या सगळ्या रक्ततपासण्या करतात. झोळीत झोके दिल्याने, मांडीवर नाचवल्याने किंवा आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवरून दुचाकीने नेल्याने मेंदूला अशी इजा होत नाही. (दुचाकीवर तान्हं बाळ नेऊच नये, पण त्याची कारणं वेगळी.)

डॉक्टरांना ज्या खुणा खटकतात त्या वेगळ्या: न रांगणाऱ्या बाळाच्या अंगावर कुठेही डाग. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटा-पाठीवर डाग. बोटांचा, पट्ट्याचा, चाव्याचा आकार. सांगितलेली हकीकत दर वेळी बदलणं. बाळाच्या अंगावर यातलं काही दिसलं तर आज दाखवा, आणि डॉक्टर माझ्यासारखा घाईत असला तर बोट ठेवून दाखवा.

रडण्याबद्दल

बाळाला हलवण्याची वेळ येते ती बहुतेक रडण्यावरून. दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांना शिगेला पोचतं आणि चौथ्या महिन्याच्या आसपास उतरतं. नेमकं याच सुमाराला आपल्याकडे सव्वा महिना उलटून सून माहेरून सासरी येते. माहेरी रात्री बाळ घ्यायला चार हात होते, इथे दोन. नवऱ्याने बाळ रडताना पहिल्यांदाच ऐकलेलं. शेजारी म्हणतात दूध पुरत नाही, सासू म्हणते नजर लागली. रात्री तीन वाजता कोणाचाही तोल जाऊ शकतो.

बाळाचं पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, तरीही रडतंय आणि तुमचे हात थरथरायला लागलेत, तर बाळाला उताणं पाळण्यात ठेवा, दार लोटा आणि दहा मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर जा. दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. मग परत या, किंवा दुसऱ्या कोणाला उठवा. न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात प्रसूतिगृहातच आईबापांना हे समजावून सांगितल्यावर अशा इजा ४७ टक्क्यांनी घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. पुढे पेनसिल्व्हेनियात तेच राज्यभर केलं तेव्हा दाखल होणाऱ्या बाळांत घट दिसली नाही. नुसत्या सांगण्याने सगळं थांबतं असं मी म्हणणार नाही. तरी डोस द्यायला आलेल्या प्रत्येक बाळाच्या बापाला मी हे सांगतो. बाप आला नसेल तर आईच्या फोनवरून त्याला फोन लावतो.

शेजारच्या घरात, नात्यात एखादं मूल मार खातंय असं वाटत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो. जीवाला धोका दिसत असेल तर ११२. बाळ हलवलं गेलंय हे तुम्हाला माहीत असेल आणि ते आता सुस्त आहे, दूध ओढत नाही, उलट्या करतंय, तर दवाखान्यात पहिल्या मिनिटाला डॉक्टरांना तसं सांगा. कोणी केलं हे नंतर कळलं तरी चालेल. हलवलं आहे, हे कळलं तर स्कॅन आजच होईल.